हार्वर्ड की याक-११? दोन जुन्या ट्रेनर विमानांतून निवड करताना

परदेशात वैमानिकाचा खासगी परवाना हातात आहे, सेस्नावर शे-दोनशे तास झाले आहेत आणि आता पाच-सहा जण मिळून एखादं जुनं लष्करी ट्रेनर विमान घ्यायचं घाटतंय. अशा वेळी दोन नावं समोर येतात. एक हार्वर्ड, अमेरिकेत ज्याला टी-६ टेक्सन म्हणतात ते. दुसरं रशियन याक-११. दोन्ही दोन आसनी, दोन्हींना रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेलं) इंजिन, दोन्ही शेपटीच्या चाकावर बसणारी. भरलेल्या वजनातही फार फरक नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. गटाचं हे पहिलंच जुनं विमान असेल तर हार्वर्ड घ्या. याक घ्यायचं असेल तर आधी दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रशियन यंत्रणेवर हात बसलेला मेकॅनिक शोधा आणि मग विमान. हा क्रम उलटा झाला की याक हँगरमध्ये धूळ खात उभं राहतं. ताशी सव्वाशे किलोमीटरचा जास्तीचा वेग मग फक्त माहितीपत्रकात उरतो.

मूळ कुठलं

हार्वर्डचा पूर्वज नॉर्थ अमेरिकन एनए-१६ हे विमान १ एप्रिल १९३५ रोजी उडालं. त्यातूनच दुसऱ्या महायुद्धातला एटी-६ (टी-६चं तेव्हाचं नाव) तयार झाला आणि सगळ्या आवृत्त्या मिळून पंधरा हजारांहून जास्त विमानं बनली. युद्धानंतरच्या दोन आवृत्त्या खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या. पहिली टी-६जी. अमेरिकी हवाई दलाने १९४९पासून जुनी विमानं कारखान्यात परत पाठवून नव्याने बांधून घेतली, अशी २,०६८. दुसरी हार्वर्ड ४. ही कॅनडात फोर्ट विल्यमच्या कॅनेडियन कार अँड फाउंड्री कारखान्यात १९५१ ते १९५४ या काळात कोरी बनली, एकूण ५५५.

हा फरक नुसता इतिहासाचा नाही. टी-६जीच्या पाटीवर १९५० असलं तरी आतला काही धातू १९४१-४२चा असू शकतो. हार्वर्ड ४चा धातू खरोखर पन्नाशीतला. दोन सारख्या अवस्थेतल्या विमानांतून एक निवडायचं असेल तर आमचा कल हार्वर्ड ४कडे.

याक-११ची वाट वेगळी. हे ट्रेनरचं सुधारलेलं ट्रेनर नव्हे. याक-३ या युद्धातल्या चपळ लढाऊ विमानाला दुसरं आसन आणि कमी शक्तीचं इंजिन देऊन ते शिकवण्यासाठी तयार केलं. पहिलं उड्डाण १९४५च्या अखेरीस झालं, कारखान्यातून विमानं १९४७पासून बाहेर पडू लागली. सोव्हिएत संघात ३,८५९ आणि चेकोस्लोव्हाकियात लेट कारखान्यात सी-११ या नावाने ७०७ बनली. म्हणून विकायला आलेल्या ‘याक-११’च्या पाटीवर चेक अक्षरं दिसली तर फसवणूक समजू नये.

| | टी-६जी | याक-११ |
|---|---|---|
| इंजिन | प्रॅट अँड व्हिटनी आर-१३४०, ९ सिलिंडर | श्वेत्सोव्ह एएश-२१, ७ सिलिंडर |
| उड्डाणावेळची शक्ती | ६०० अश्वशक्ती | ७०० अश्वशक्ती |
| पंखांचा विस्तार | १२.८ मीटर | ९.४ मीटर |
| पंखांचं क्षेत्रफळ | २३.६ चौ. मीटर | १५.४ चौ. मीटर |
| रिकामं वजन | सुमारे १,८९० किलो | सुमारे १,९०० किलो |
| भरलेलं वजन | सुमारे २,५५० किलो | सुमारे २,४४० किलो |
| कमाल वेग | ताशी ३३५ किमी | ताशी ४६० किमी |

या तक्त्यातली सगळ्यात बोलकी ओळ पंखांच्या क्षेत्रफळाची. भरलेलं वजन क्षेत्रफळाने भागा. हार्वर्डच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १०८ किलो येतात, याकच्या १५८. पुढचं बरंचसं वागणं या दोन आकड्यांतून येतं.

हवेत

हार्वर्ड सावकाश, भक्कम आणि प्रामाणिक. नियंत्रणं जड. सफरीचा वेग ताशी २३०-२४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लांब पल्ल्याला आजचं चार आसनी विमान त्याला सहज मागे टाकतं. स्टॉल (वेग इतका घटणं की पंख विमान उचलून धरू शकत नाहीत) जवळ आला की थरथर जाणवते. पण वळणात स्टिक (नियंत्रणाची दांडी) जोरात ओढली तर एक पंख झटकन खाली टाकतं आणि विमान गरकन उलटं होतं. शिकाऊ वैमानिकाला हे उंचावर दाखवण्यासाठीच तर हे विमान होतं.

याकचे एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या) हलके आणि लगेच उत्तर देणारे. ते खरोखर लहान केलेल्या लढाऊ विमानासारखं उडतं. पैसे देण्याचं कारण तेच आणि जपायचं कारणही तेच. पंखांवरचा भार जास्त असल्याने ते वेग धरून ठेवायला लावतं. शेवटच्या वळणात वेग उतरू दिला तर इशारा अपुरा मिळतो. इंजिन थेट इंधन फवारणीचं, त्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याची हार्वर्डसारखी काळजी नाही. मात्र तो फवारणीचा पंप उघडून पुन्हा जुळवू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच.

याकमध्ये उपकरणं मेट्रिक असतात: वेग ताशी किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, पाट्या रशियन लिपीत. बऱ्याच मालकांनी वेगमापक आणि उंचीमापक बदलून घेतलेले असतात, पण अर्धेच बदललेले असले तर गोंधळ दुप्पट. पुढच्या आणि मागच्या दोन्ही कॉकपिटमध्ये एकच परिमाण आहे का, हे विमान बघायला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तपासा.

जमिनीवर

हार्वर्ड हवेत जितकं सोशिक तितकं जमिनीवर खट्याळ. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरल्यावर शेपूट एका बाजूला सरकली की ती आणखी सरकू पाहते, आणि आडवा वारा तिला मदत करतो. वेळेवर पाय पडला नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. हाच तो ग्राउंड लूप. पंखाचं टोक घासणं हा त्यातला स्वस्त शेवट. महागडा शेवट म्हणजे चाकाच्या बुडाशी मधल्या पंखभागाचा सांगाडा वाकतो. तो बाहेरून दिसत नाही. म्हणून लॉगबुकात ‘पंखाचं टोक बदललं’ अशी नोंद दिसली की त्याच तारखेला मधल्या भागाची तपासणी झाली का, हे विचारायचं.

आडव्या वाऱ्यात पूर्ण फ्लॅप (पंखामागच्या, उतरताना खाली येणाऱ्या फळ्या) लावू नयेत. पूर्ण फ्लॅपमागून येणारी हवा शेपटीवरच्या, पायांनी हलणाऱ्या सुकाणूपर्यंत नीट पोचत नाही आणि नेमकं हवं तेव्हा पाय निकामी होतात. टी-६जीचं शेपटीचं चाक पायांनी ठरावीक अंशांपर्यंत वळतं आणि स्टिक पूर्ण पुढे ढकलली की मोकळं होतं. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) घट्ट वळण घेऊन झाल्यावर ते पुन्हा गुंतवायला विसरणं ही नवख्यांची ठरलेली चूक. सवय एकच लावा: धावपट्टीच्या तोंडाशी आल्यावर विमान दहा मीटर सरळ पुढे घ्यायचं, स्टिक पोटाशी.

याकचं ब्रेकचं गणित पाश्चात्त्य वैमानिकाला सुरुवातीला हातापायात येत नाही. पायाच्या बोटांचा ब्रेक नाही. स्टिकवर सायकलच्या ब्रेकसारखी दांडी असते. ती दाबायची आणि कोणत्या चाकाला ब्रेक लागावा ते पायाने सुकाणू सरकवून ठरवायचं. नाकामुळे समोरचं दिसत नाही, म्हणून नागमोडी टॅक्सी करावी लागते, आणि प्रत्येक वळणाला थोडी हवा खर्च होते. इंजिन मंद फिरत असताना कॉम्प्रेसर ती भरून काढत नाही. मोठ्या विमानतळावर रांगेत वीस मिनिटं सरकत राहिलं की दाबाचा काटा उतरलेला दिसतो आणि ब्रेक मऊ पडतात. म्हणून याक छोट्या, मोकळ्या मैदानावर सुखी. तुमचं विमान जिथे ठेवणार तिथे हँगरपासून धावपट्टीपर्यंत किती अंतर आहे, हा प्रश्न याकच्या बाबतीत चैनीचा नाही.

हवा विरुद्ध तेल

दोन विमानांतला खरा भेद इथे आहे.

हार्वर्डची चाकं आणि फ्लॅप हायड्रॉलिक तेलावर चालतात. बऱ्याच मॉडेलांत आधी ‘पॉवर पुश’ नावाची दांडी दाबून दाब जागा करायचा आणि मग चाकांची दांडी हलवायची. पंप गेला तर हातपंप आहे. तोही गेला तर चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात, मग विमान थोडं डोलवून ती अडकवायची. पंखावर छोट्या खिडक्या आहेत, त्यांतून कुलपाच्या पिना बसल्या की नाही हे डोळ्यांनी दिसतं. तेल गळलं तर खाली डाग पडतो. गळती शोधायला फडकं पुरतं.

याकमध्ये चाकं, फ्लॅप, ब्रेक आणि इंजिन सुरू करणं हे सगळं दाबाच्या हवेवर, सुमारे ५० वातावरण दाबाच्या. यंत्रणा हलकी आणि थंडीत तेलासारखी घट्ट होत नाही, म्हणून रशियनांना ती प्रिय. चाकं उतरवण्यासाठी आणीबाणीची वेगळी बाटली असते. पण हवेच्या गळतीचा डाग पडत नाही. ती ऐकावी लागते, किंवा जोडाजोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधावे लागतात. रबरी सील वयाने कडक होतात. त्याहून मोठा शत्रू ओलावा. कॉम्प्रेसर हवेसोबत बाष्पही दाबतो, पाणी नळ्यांत आणि झडपांत साठतं, तिथून गंज धरतो, आणि हिवाळ्यात तेच पाणी गोठून झडप अडकते. प्रत्येक उड्डाणानंतर निचऱ्याचा नळ उघडायचा, यात सबब चालत नाही. भागीदारीत मात्र ‘मागच्याने उघडला असेल’ असं प्रत्येकाला वाटतं. हँगरच्या भिंतीवर सहीचा तक्ता टांगा.

आणि हवा संपली तर इंजिन सुरूच होत नाही. परक्या विमानतळावर ५० वातावरणाची भरलेली बाटली आणि तिला बसणारा जोड कुणाकडे नसतो. याकवाले स्वतःची डायव्हिंगची बाटली, रेग्युलेटर आणि जोड घेऊन फिरतात. हे सामान मागे ठेवण्यात अर्धी जागा जाते, हेही विमान घेताना धरून चला.

इंजिन

दोन्ही रेडियल, म्हणून पहिला धोका एकच. उभ्या विमानात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. ते तसंच ठेवून इंजिन फिरवलं तर पिस्टनला दाबायला हवा नव्हे, तेल मिळतं, आणि तेल दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी लगेच तुटतो, कधी वीस तासांनंतर, आणि दुसरं जास्त वाईट. सुरू करण्याआधी करायचं ते असं:

१. मॅग्नेटोचे (ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) स्विच बंद, तरीही प्रोपेलर जिवंत आहे असंच समजायचं.
२. फिरण्याच्या दिशेने हाताने पाती ओढायची. हार्वर्डचं इंजिन थेट जोडणीचं, प्रोपेलर दोन पात्यांचा, त्यामुळे चार पाती म्हणजे इंजिनाचे दोन फेरे, एक पूर्ण चक्र. आठ ओढा. याकला मध्ये गिअर आहे, तिथेही आठच्या खाली थांबू नका.
३. पातं अडलं तर जोर लावायचा नाही. उलटं तर मुळीच फिरवायचं नाही. तसं केलं की तेल इनटेकच्या नळीत जातं आणि इंजिन सुरू होताच परत सिलिंडरमध्ये येतं.
४. अडलं असेल तर खालच्या सिलिंडरांचे प्लग काढा, तेल वाहू द्या, पुन्हा ओढून बघा, मगच प्लग बसवा.

आर-१३४०चे सुटे भाग अजून मिळतात, आणि त्याचं श्रेय लढाऊ विमानांना नाही. अमेरिकेत शेतात फवारणी करणाऱ्या एअर ट्रॅक्टर आणि ॲग कॅटसारख्या विमानांवर हे इंजिन पिढ्यान्‌पिढ्या राबलं, कॅनडात ऑटरवर त्याची गिअरवाली आवृत्ती होती. त्यामुळे ओव्हरहॉल करणारी दुकानं टिकली. सफरीत तासाला ११०-१२० लिटर पेट्रोल धरा. एक-दोन लिटर तेल प्यायलं तर दचकू नका, अचानक कमी प्यायला लागलं तर मात्र तपासा.

उतरताना घात होतो तो असा: वैमानिक थ्रॉटल बंद करून आरपीएम वर ठेवतो, मग हवा प्रोपेलरला ढकलते आणि प्रोपेलर इंजिनाला. मास्टर रॉडच्या, म्हणजे बाकीचे रॉड ज्याला जोडलेले असतात त्याच्या, बेअरिंगवर भार उलटा पडतो, पिस्टनच्या रिंगा फडफडतात. सोपा ठोकताळा असा की दर शंभर आरपीएममागे मॅनिफोल्डचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या नळीतला) निदान एक इंच दाब ठेवा: १,८०० आरपीएमला १८ इंचांच्या खाली नको. भागीदारांपैकी एकालाही हे माहीत नसेल तर सगळ्यांचं इंजिन लवकर जातं.

हार्वर्डचा तो कर्कश आवाजही इंजिनाचा नाही. नऊ फुटी प्रोपेलर २,२५० आरपीएमला थेट फिरतो, त्यामुळे पात्यांची टोकं सेकंदाला ३२० मीटरहून जास्त वेगाने धावतात, ध्वनीच्या वेगाला जवळपास चिकटून. प्रदर्शनात छान वाटतं. आवाजाचे नियम कडक असलेल्या विमानतळाशेजारी राहणाऱ्यांना वाटत नाही. तिथे जागा घेण्याआधी विचारून ठेवा.

एएश-२१ म्हणजे साधारणपणे एएश-८२चं अर्धं. चौदा सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी एक ठेवलेली, सिलिंडरचं माप तेच. एएश-८२ इल्यूशिन-१४ आणि मी-४ हेलिकॉप्टरवर होतं, म्हणून त्या घराण्याचे भाग पूर्व युरोपात अजून सापडतात. पण ‘सापडतात’ आणि ‘कागदांसह, तपासलेले, फोन केल्यावर पंधरा दिवसांत येतात’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. याक घेणाऱ्याने एक जास्तीचं इंजिन विमानासोबतच विकत घ्यावं. नंतर शोधू म्हणणाऱ्यांचं विमान नंतरच उडतं.

घेण्याआधी काय उघडून बघायचं

हार्वर्डमध्ये सगळ्यात आधी पंखांचे जोड. बाहेरचा पंख मधल्या भागाला कोनी पट्ट्यांनी आणि बोल्टांच्या रांगेने जोडलेला असतो. २००५ साली फ्लोरिडात किसिमीजवळ एका टी-६चा पंख हवेत तुटला. त्यानंतर अमेरिकी हवाई वाहतूक नियामक एफएएने या पट्ट्यांची, वरच्या-खालच्या आणि आतल्या-बाहेरच्या सगळ्यांची, चमकणाऱ्या द्रवाने तडे शोधण्याची तपासणी सक्तीची केली. ती दर २०० तासांनी पुन्हा करायची असते. शेवटची कधी झाली, कुणी केली, आणि पट्ट्या नव्या आहेत की मूळच्या, हे तीन प्रश्न लेखी विचारा. विमान कसरतींच्या आनंदफेऱ्यांना वापरलेलं असेल तर पट्ट्या नव्या बसवल्याशिवाय किंमत ठरवू नका. मग स्पारच्या (पंखाच्या मुख्य तुळईच्या) खालच्या कडांवर पापुद्र्यासारखा फुगलेला गंज आहे का, आणि तेलाच्या गाळणीत चकाकणारा कण सापडतो का ते पाहा.

याकमध्ये आधी ‘हे कितपत याक-११ आहे’ ते ठरवा. १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या ला फर्टे-आले इथल्या जाँ सालिस यांनी इजिप्तमधून चाळीसच्या आसपास विमानं आणली. पश्चिमेतल्या बऱ्याच याकांचा उगम तोच. वाळवंटाने धातू राखला, रबर आणि कापड खाल्लं. पुढे त्यांतल्या काहींवर अमेरिकी, दुप्पट-तिप्पट शक्तीची इंजिनं बसली, काही अमेरिकेतल्या रीनोच्या विमान शर्यतींत धावली, काहींचं एकआसनी याक-३ झालं. इंजिन बदललेलं विमान वाईट असतं असं नाही. पण गुरुत्वमध्याचा हिशेब आणि मंजुरीचा कागद नसेल तर तुम्ही कुणाचा तरी प्रयोग विकत घेताय.

धडाचा सांगाडा वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचा आणि मागचा भाग कापडाने मढवलेला. नळ्या आतून गंजतात. शेपटीच्या चाकाजवळचा खालचा भाग, जिथे पाणी साठतं, तिथलं कापड उघडून बघू द्या म्हणावं. विकणारा नाही म्हणाला तर तेही उत्तरच.

कागदपत्रांत हार्वर्ड सरळ. ब्रिटनमध्ये अनेक हार्वर्ड परमिट टू फ्लायवर उडतात, आणि तिथल्या हवाई वाहतूक प्राधिकरणाच्या (सीएए) योजनेखाली मंजुरी घेतलेले चालक पैसे घेऊन लोकांना मागच्या आसनावर नेऊ शकतात. खर्च थोडा वसूल करायचा विचार असेल तर हा रस्ता पारखावा. अमेरिकेत याक-११ एक्सपेरिमेंटल एक्झिबिशन (प्रदर्शनापुरती परवानगी) वर्गात येतं. वर्षभराचा कार्यक्रम एफएएला कळवावा लागतो आणि भाड्याने उडवता येत नाही.

मराठी घरातल्या गटाला हार्वर्डकडे ओढणारं एक कारण कोणत्याही तक्त्यात येत नाही. भारतीय वायुसेनेच्या वैमानिकांच्या दोन-तीन पिढ्या हार्वर्डवर घडल्या, आणि वायुसेनेच्या व्हिंटेज ताफ्यात टायगर मॉथ आणि डकोटाच्या जोडीला हार्वर्ड आहे. याक-११ आपल्याकडे आलं नाही. आपली जुनी दोन आसनी लढाऊ जात बघायची तर ती स्पिटफायरची: १९४८ साली भारताने दहा ट्रेनर स्पिटफायर घेतली होती. ते विमान भागीदारीत घेण्याच्या गोष्टी करू नयेत, मात्र ब्रिटनमध्ये त्याच्या मागच्या आसनावर अर्धा तास विकत मिळतो. काही गटांची हौस तेवढ्यात भागते आणि बँकेतले पैसे वाचतात.

हवेच्या यंत्रणेशी जमेल की नाही याचीच शंका असेल तर मधला मार्ग आहे. चिनी ट्रेनर सीजे-६ वर्षभर छोट्या हिश्श्यात उडवा. शक्ती २८५ अश्वशक्ती, तिसरं चाक शेपटीऐवजी नाकाखाली, पण हवेची यंत्रणा त्याच घराण्यातली आणि खर्च बराच कमी. वर्षभरात निचऱ्याचा नळ कोण उघडतं आणि कोण विसरतं ते कळेल.

आणि याकच ठरलं, तर सौदा करण्याच्या आदल्या संध्याकाळी एवढं करा. बाटल्या पूर्ण दाबाने भरून घ्या, काट्याचा फोटो काढा, वेळ लिहा, हँगरला स्वतःसमोर कुलूप लावून घ्या. सकाळी विमानाला कुणी हात लावण्याआधी पुन्हा फोटो काढा. रात्रीच्या थंडीने काटा थोडा खाली येणारच. पण तो इतका उतरला असेल की इंजिन सुरू होईल का अशी शंका यावी, तर किमतीची बोलणी तिथूनच पुन्हा सुरू करा.